सर जॉन पोपल : रेणूंचे गणित प्रयोगशाळेच्या कामी आणणारे शास्त्रज्ञ

सर जॉन अँथनी पोपल (३१ ऑक्टोबर १९२५ – १५ मार्च २००४) हे संगणकीय रसायनशास्त्राच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक ब्रिटिश शास्त्रज्ञ होत. रेणूची रचना, त्याची ऊर्जा आणि त्याच्या अभिक्रिया केवळ गणनेने सांगता येतील अशा पद्धती त्यांनी विकसित केल्या आणि त्या सामान्य रसायनशास्त्रज्ञाला वापरता येतील अशा आज्ञावलीत बांधल्या. या कार्याबद्दल १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना वॉल्टर कोन यांच्यासमवेत विभागून देण्यात आले. विशेष म्हणजे पोपल यांचे विद्यापीठीय शिक्षण गणितात झाले होते आणि रसायनशास्त्रज्ञापेक्षा ते स्वतःला गणितीच अधिक मानत.

जन्म आणि शिक्षण

पोपल यांचा जन्म इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील बर्नहॅम-ऑन-सी या किनारी गावी झाला. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९३६ पासून ते ब्रिस्टल ग्रामर स्कूलमध्ये शिकू लागले. त्यासाठी रोज सायकल, आगगाडी आणि पायपीट असा प्रवास करावा लागे. कलनशास्त्राचे कोणीतरी टाकून दिलेले एक पुस्तक हाती आले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना गणिताची गोडी लागली. वर्गात आपण फार हुशार दिसू नये म्हणून ते उत्तरांत मुद्दाम चुका करीत असत. शिक्षकांनी एक अवघड प्रश्नसंच दिला, तेव्हा मात्र त्यांनी तो निर्दोष सोडविला आणि त्यांची गुणवत्ता उघड झाली.

१९४३ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. युद्ध संपल्यावर काही काळ विमाननिर्मिती उद्योगात काम करून ते १९४७ मध्ये केंब्रिजला परतले. सर जॉन लेनार्ड-जोन्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. बंधनात भाग न घेणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांचा अभ्यास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

ज्ञात समीकरणे, अशक्य गणित

पोपल यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची अडचण लक्षात घ्यावी लागते. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी पुंजयामिकीचे मूलभूत समीकरण मांडले. रसायनशास्त्राला आवश्यक असलेले भौतिक नियम आता ज्ञात झाले आहेत, परंतु त्यांतून निर्माण होणारी समीकरणे सोडविण्याच्या पलीकडची आहेत, असे मत पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच व्यक्त केले होते. हायड्रोजन अणूतील एका इलेक्ट्रॉनसाठी हे समीकरण अचूक सुटते. रेणूत मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन इतर सर्व इलेक्ट्रॉनांना दूर लोटत असतो, त्यामुळे अचूक उत्तराचा मार्ग बंद होतो आणि अंदाजी पद्धतींचा आश्रय घ्यावा लागतो. असा अंदाज कोणत्या टप्प्यावर करावा आणि त्याची चूक किती हे कसे ठरवावे, या प्रश्नांनी पोपल यांची पुढील पाच दशके व्यापली.

प्रारंभीचे संशोधन

१९५१ मध्ये त्यांनी पाण्याच्या रचनेविषयीचा सिद्धांत मांडला. बर्फ वितळताना हायड्रोजन बंध तुटतात असे न मानता ते मोठ्या प्रमाणावर वाकतात, अशी त्याची मध्यवर्ती कल्पना होती. १९५३ मध्ये त्यांनी एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या सेंद्रिय रेणूंच्या इलेक्ट्रॉनांसाठी सुटसुटीत पद्धत दिली. त्याच सुमारास रुडॉल्फ पॅरिसर आणि रॉबर्ट पार यांनीही स्वतंत्रपणे तोच मार्ग शोधला होता. तिघांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत रंगद्रव्यांच्या वर्णपटांचा उलगडा करण्यास उपयुक्त ठरली.

याच दशकात अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनादाचे तंत्र रसायनशास्त्रात रुजत होते. पोपल यांनी विल्यम श्नायडर आणि हॅरॉल्ड बर्नस्टाइन यांच्यासह १९५९ मध्ये लिहिलेला या विषयावरील ग्रंथ दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. १९५८ मध्ये ते टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत मूलभूत भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. परंतु प्रशासकीय जबाबदाऱ्यांमुळे संशोधनाला वेळ उरेना. अखेर १९६४ मध्ये त्यांनी कुटुंबासह अमेरिका गाठली आणि पिट्सबर्ग येथील कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे नंतरच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, ते रुजू झाले. ब्रिटिश नागरिकत्व मात्र त्यांनी अखेरपर्यंत कायम ठेवले.

गॉसियन-७०

रेणूतील इलेक्ट्रॉनांचे वितरण अनेक गणिती फलनांच्या बेरजेने दर्शविले जाते. फलनांची संख्या वाढली की इलेक्ट्रॉनांच्या परस्पर अपकर्षणाच्या संकलांची संख्या तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात फुगते. केवळ शंभर फलने घेतली तरी सुमारे सव्वा कोटी संकल काढावे लागतात. अणूच्या वर्णनाला स्वाभाविक वाटणाऱ्या फलनांचे संकल तर विलक्षण किचकट असतात. केंब्रिजमधील फ्रान्सिस बॉइज यांनी १९५० मध्ये यावर तोड सुचविली होती : जर्मन गणिती गाउस यांच्या नावाची फलने वापरावीत, म्हणजे संकल सोपे होतात.

पोपल यांनी ही सूचना व्यवहारात उतरविली. १९६५ च्या सुमारास त्यांनी अनेक संकल सरळ वगळणाऱ्या अर्ध-अनुभवजन्य पद्धती विकसित केल्या होत्या. १९६९ मध्ये वॉरन हेरी आणि रॉबर्ट स्टीवर्ट यांच्यासह त्यांनी ‘एसटीओ-३जी’ हा फलनसंच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक अणुकक्षकाची जागा तीन गॉसियन फलनांच्या मिश्रणाने घेतली आणि कोणताही प्रायोगिक आकडा उसना न घेता गणना करणे आवाक्यात आले. संकल काढण्याची त्यांच्या गटाने बसविलेली रीतही तत्कालीन पद्धतींहून अनेक पटींनी वेगवान होती. १९७० मध्ये हे सर्व ‘गॉसियन-७०’ या आज्ञावलीच्या रूपाने इंडियाना विद्यापीठातील आज्ञावली-विनिमय केंद्रामार्फत जगभरच्या संशोधकांना उपलब्ध झाले. पुंजयामिकीचा तज्ज्ञ नसलेला रसायनशास्त्रज्ञही आता अणूंची मांडणी संगणकाला देऊन रेणूची ऊर्जा मिळवू शकत होता.

चुकीचे मोजमाप

गणना सर्वांच्या हाती आली, तशी तिच्यावर किती विसंबावे हा प्रश्नही उभा राहिला. पोपल यांचे उत्तर शिस्तीचे होते. पद्धत आधी नेमकी ठरवावी, ती सर्व रेणूंना एकसारखी लावावी, ज्यांची प्रायोगिक मूल्ये पक्की आहेत अशा रेणूंवर ती पारखावी आणि सरासरी चूक जाहीर करावी. त्यानंतरच अज्ञात रेणूंविषयी भाकीत करावे. या कल्पनेला ‘प्रतिमान रसायन’ म्हणता येईल.

ही शिस्त पाळताना त्यांनी पायरीपायरीने अचूकता वाढविली. मॉलर आणि प्लेसेट यांनी १९३४ मध्ये मांडलेली क्षोभ-पद्धत त्यांच्या गटाने संगणकावर व्यवहार्य केली. १९८९ मध्ये कृष्णन राघवाचारी, गॅरी ट्रक्स, पोपल आणि मार्टिन हेड-गॉर्डन यांनी मांडलेली ‘सीसीएसडी(टी)’ ही पद्धत आज लहान रेणूंसाठी अचूकतेची कसोटी समजली जाते. राघवाचारी हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यांनी कार्नेगी मेलन येथे पोपल यांच्याकडे डॉक्टरेट केली होती. १९९१ च्या ‘जी-२’ सिद्धांतातही त्यांचा सहभाग होता. १२५ प्रायोगिक ऊर्जामूल्यांशी ताडून पाहता त्या सिद्धांताची सरासरी चूक प्रति मोल १.२१ किलोकॅलरी भरली.

हा आकडा लहान दिसला तरी त्यावर बरेच काही अवलंबून असते. सामान्य तापमानाला अडथळ्याच्या ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला, तर अभिक्रियेचा वेग दहापट बदलतो. त्यामुळे एका किलोकॅलरीच्या आतली चूक ही ‘रासायनिक अचूकता’ मानली जाते. तिची किंमतही मोठी आहे. ‘सीसीएसडी(टी)’ पद्धतीत रेणूचा आकार दुप्पट केल्यास काम सुमारे १२८ पट वाढते.

नोबेल आणि त्यानंतर

या अडचणीवर दुसऱ्या बाजूने उपाय निघाला. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर आधारित सिद्धांत मांडला होता. कमी खर्चात समाधानकारक अचूकता देणारी ही पद्धत नव्वदच्या दशकात ‘गॉसियन’ आज्ञावलीत समाविष्ट झाली आणि रसायनशास्त्रज्ञांत झपाट्याने पसरली. १९९८ च्या नोबेलने हे दोन्ही प्रवाह एकत्र गौरविले. त्यापूर्वी १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९९२ मध्ये वुल्फ पारितोषिक पोपल यांना मिळाले होते. २००२ मध्ये कोप्ली पदक आणि २००३ मध्ये ‘सर’ हा किताब त्यांना प्राप्त झाला. अखेरच्या काळात ते शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कार्यरत होते.

त्यांच्या कार्याला वादाची किनारही आहे. विनिमय केंद्रातून वितरित झालेली आज्ञावली १९८७ पासून एका व्यापारी कंपनीकडे गेली. १९९१ मध्ये पोपल तिच्यापासून दूर झाले आणि पुढे माजी सहकाऱ्यांच्या ‘क्यू-केम’ या स्पर्धक उपक्रमाशी जोडले गेले. स्पर्धक आज्ञावली विकसित करणाऱ्यांना परवाना न देण्याच्या गॉसियन कंपनीच्या धोरणावर शास्त्रीय वर्तुळात टीका झाली. त्या धोरणाच्या कक्षेत स्वतः पोपलही आले होते. संशोधनाचे साधन खासगी मालकीचे असेल, तर निष्कर्षांची स्वतंत्र पडताळणी कोणी आणि कशी करावी, हा प्रश्न त्यातून पुढे आला. खुल्या स्वरूपाच्या आज्ञावलींच्या प्रसारामागे ही चिंताही आहे.

भारतातील संदर्भ

भारतातही या परंपरेत लक्षणीय काम झाले आहे. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोठा रेणू शिंप्याने कापड बेतावे तसा तुकड्यांत विभागण्याची, तुकड्यांची स्वतंत्र गणना करून उत्तरे पुन्हा जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आकारासोबत फुगणाऱ्या खर्चाला आवर घालण्याचा हा मार्ग मर्यादित संगणकीय साधने असलेल्या संशोधकांना विशेष मोलाचा ठरतो. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशातील संस्थांमध्ये उभ्या राहिलेल्या ‘परम’ मालिकेतील यंत्रांवर आज अशा गणना चालतात.

वारसा

औषधनिर्मिती, उत्प्रेरक, विद्युतघट किंवा वातावरणातील अभिक्रिया यांवरील शोधनिबंधांत आज एक छोटी खूण हमखास आढळते : आधी पद्धतीचे नाव, मग तिरकी रेघ आणि त्यापुढे फलनसंचाचे नाव, उदाहरणार्थ ‘बी३एलवायपी/६-३१जी’. यातील ‘६-३१जी’ हा संच पोपल यांच्या गटाने १९७२ मध्ये दिला. उत्तर कोणत्या अंदाजावर उभे आहे, हे ती रेघ वाचकाला सांगते, आणि कोणताही संशोधक तीच गणना पुन्हा करून पाहू शकतो. गणिताने दिलेल्या उत्तरासोबत त्याच्या विश्वासार्हतेचा हिशेबही द्यावा, ही पोपल यांची अट आता रसायनशास्त्राच्या लेखनशैलीचाच भाग झाली आहे.