६३ या आकड्याची गोष्ट: इंजिन आटले, नाव टिकले

नोव्हेंबर २०२४. भारतात एकाच महिन्यात दोन जर्मन स्पोर्ट्स सेडान दाखल झाल्या. मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्स, एक्स-शोरूम किंमत १.९५ कोटी रुपये. आणि बीएमडब्ल्यू एम ५, किंमत १.९९ कोटी. विजेच्या मोटारीची जोड दोघींनाही आहे. पण एम ५ च्या बॉनेटखाली ४.४ लिटरचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन, तर सी ६३ मध्ये १९९१ सीसीचे, चारच सिलिंडरचे. चार लाखांच्या फरकात चार सिलिंडर!

जगभरच्या मोटारप्रेमींचा संताप याच एका गोष्टीवर आहे. तो समजून घ्यायचा तर आधी डिकीवरच्या ६३ या आकड्याचा इतिहास पाहावा लागतो.

१९६८ साली मर्सिडीजने ‘३०० एसईएल ६.३’ ही गाडी आणली. एरिख वॅक्सनबर्गर या अभियंत्याने कंपनीच्या ‘६००’ या भव्य लिमोझिनचे इंजिन तुलनेने लहान सेडानमध्ये बसवून दाखवले होते. इंजिन ६३३२ सीसीचे; म्हणजे ६.३ हा आकडा अक्षरशः खरा होता. त्याच्या आदल्याच वर्षी हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांनी एएमजीची स्थापना केली होती. (आउफरेख्ट, मेल्शर आणि आउफरेख्ट यांचे जन्मगाव ग्रोसआस्पाख, ही ती तीन अक्षरे.) याच सेडानचे इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवून त्यांनी १९७१ साली बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत उतरवले आणि दुसरा क्रमांक पटकावला. लहान कंपनीचे नाव एका रात्रीत युरोपभर झाले. ‘मोठे इंजिन म्हणजे एएमजी’ हे समीकरण त्या शर्यतीतून जन्मले.

पुढे एएमजी हळूहळू मर्सिडीजच्या छत्राखाली गेली आणि सी-क्लासच्या वेगवान आवृत्त्या निघू लागल्या. १९९७ ची सी ४३ म्हणजे ४.३ लिटरचे व्ही-८. २००१ साली तिची जागा सी ३२ ने घेतली: ३.२ लिटर, सुपरचार्जर आणि सहाच सिलिंडर. इंजिन आटण्याचा प्रकार आजचा नाही, तो असा. मात्र तेव्हा इंजिनाबरोबर नावही इमानाने बदलले होते. २००४ मध्ये व्ही-८ परतले, तेव्हा गाडी सी ५५ झाली.

आकड्याने थाप मारली ती पहिल्याच सी ६३ मध्येही. २००७ च्या या गाडीचे इंजिन एएमजीने मुळापासून स्वतः रचलेले होते, ४५७ अश्वशक्तीचे. पण क्षमता ६२०८ सीसी. हिशेबाने ते ६.२ लिटर ठरते. तरी जुन्या ६.३ च्या पुण्याईसाठी नाव ६३ ठेवले गेले. या थापेबद्दल कोणीही तक्रार केली नाही, हे विशेष. तक्रार करण्याइतके ते इंजिन लहान नव्हतेच! पुढच्या पिढीत ४ लिटरचे, दोन टर्बोचार्जरचे व्ही-८ आले, तरी नाव ६३. आणि २०२२ मध्ये दोन लिटरपेक्षाही कमी, तरी नाव ६३ च.

हे इंजिन का आटले? याचे उत्तर कारखान्यात कमी आणि कायद्याच्या पुस्तकात जास्त सापडते.

सरकार ज्या पट्टीने इंजिन मोजते, त्या पट्टीत बसणारे इंजिन अभियंते घडवतात. ब्रिटनमध्ये १९२१ पासून अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता. पण ती ‘अश्वशक्ती’ सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे. परिणामी ब्रिटिश इंजिनांचे सिलिंडर अरुंद आणि उंच होत गेले. इटलीत २००० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर विक्रीच्या वेळी ३८ टक्के मूल्यवर्धित कर, लहान इंजिनावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून फेरारीने खास देशी ग्राहकांसाठी आपले व्ही-८ आटवले आणि ‘२०८’ ही मालिका काढली. त्या इंजिनाची क्षमता किती होती? १९९१ सीसी. आजच्या सी ६३ एवढीच, एका सीसीचाही फरक नाही. बीएमडब्ल्यूनेही एम ३ चे इंजिन १९९० सीसीपर्यंत कमी करून ३२० आयएस ही गाडी इटली आणि पोर्तुगालमध्ये विकली.

आपल्याकडेही हे घडले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. काही आठवड्यांतच महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचे इंजिन हजर केले.

युरोपची नवी पट्टी मात्र सीसीची नव्हती, धुराची होती. २००९ च्या नियमाने प्रत्येक कंपनीच्या नव्या गाड्यांसाठी कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादा ठरवली: आधी किलोमीटरमागे १३० ग्रॅम, मग २०२०-२१ पासून ९५ ग्रॅम. मर्यादा ओलांडली तर जादा प्रत्येक ग्रॅमला ९५ युरो दंड, तोही विकलेल्या प्रत्येक गाडीमागे. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला एकेक ग्रॅम महाग झाला.

आता न्याय दुसऱ्या बाजूलाही द्यायला हवा. ते चार सिलिंडरचे इंजिन सामान्य नाही. एकट्याची ताकद ४७६ अश्वशक्ती. टर्बोचार्जरच्या दांड्यावरच विजेची छोटी मोटार बसवली आहे. फॉर्म्युला वन शर्यतींत मुरलेले हे तंत्र. मागच्या चाकांकडे आणखी एक विजेची मोटार. एकत्रित ताकद ६८० अश्वशक्ती, म्हणजे आधीच्या व्ही-८ सी ६३ एस च्या ५१० पेक्षा तब्बल १७० ने अधिक. शून्य ते १०० किमीचा वेग ३.४ सेकंदांत. किंमत हात चाटून सांगावी इतका हा ऐवज निश्चित आहे. पण बॅटरी आणि मोटारींमुळे वजन २१०० किलोंच्या पलीकडे गेले, आणि निव्वळ विजेवर गाडी जाते जेमतेम १३ किलोमीटर.

आणि किंमत? २०१५ मध्ये व्ही-८ ची सी ६३ एस भारतात १.३० कोटींना आली होती. त्यापुढे १.९५ कोटी म्हणजे बरोबर दीडपट. मात्र त्या नऊ वर्षांत देशातील किरकोळ महागाईही जवळपास तेवढीच वाढली. खऱ्या अर्थाने किंमत फारशी चढलेली नाही. ग्राहक साधारण तेवढ्याच पैशांत निम्मे इंजिन आणि वजनदार तंत्रसामग्री घेतो. लहान इंजिनाची सवलत भारतीय ग्राहकाला सीमाशुल्कात मिळालीच नाही. तेव्हाच्या नियमाने ४० हजार डॉलरहून महाग किंवा ३००० सीसीहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या आयात गाडीला १०० टक्के शुल्क होते. ‘किंवा’ या एका शब्दाने दोन लिटरची सी ६३ आणि ४.४ लिटरची एम ५ एकाच रांगेत उभ्या राहिल्या.

इथेच एम ५ चे उदाहरण मर्सिडीजला अडचणीत आणते. तीच युरोपीय मर्यादा बीएमडब्ल्यूलाही होती. त्यांनी विजेची मोटार घेतली, पण व्ही-८ सोडले नाही. कायद्याने ग्रॅम कमी करायला सांगितले होते. सिलिंडर किती ठेवायचे हा निर्णय कंपनीचा होता. एएमजीने आपले सर्वांत प्रगत इंजिन दिले आणि त्यावर सर्वांत जुने नाव कोरले. ग्राहकाने नाव वाचले.

२०२५ मध्ये एएमजीच्या नेतृत्वाने जाहीरपणे कबूल केले की हे इंजिन पारंपरिक ग्राहकांना भावले नाही. अफाल्टरबाख येथील कारखान्यात आजही एकच कारागीर एक अख्खे इंजिन बांधतो आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. १९९१ सीसीच्या इंजिनावरही ती सही आहे.