खोप, मासेमारांची (धाराशिव जिल्हा)

खोप, मासेमारांची : धरणाच्या किंवा नदीच्या काठी, मासेमारीच्या हंगामापुरता उभारलेला हलका निवारा. झोपडी, खोपटे, सप्पर, पाल ही त्याच प्रकारच्या निवाऱ्यांची इतर नावे. पाण्याची कड सरकेल तशी खोप सरकवावी लागते. तिचा आकार, साहित्य आणि बांधणी या एका गरजेतून ठरली आहे.

जलाशय : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांत, पर्जन्यछायेत वसलेला आहे. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या इथल्या नद्या उन्हाळ्यात क्षीण होतात. त्यामुळे गोड्या पाण्यातली मासेमारी मुख्यतः धरणांवर चालते. परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, चांदणी व खासापूर, तेरजवळचे तेरणा, लोहारा तालुक्यात माकणीचे निम्न तेरणा आणि कळंबच्या सीमेलगत धनेगावचे मांजरा ही त्यांतली ठळक धरणे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत; त्यांना पावसाळी वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयात त्यांची बोटुकली सोडावी लागते. मरळ, वाम व चिलापी आपसूक वाढतात. मासेमारी हा भोई समाजाचा पारंपरिक व्यवसाय असून, जलाशय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात.

प्रयोजन : जाळी संध्याकाळी पाण्यात लावतात आणि पहाटे काढतात. मधल्या रात्री जाळ्यांची राखण करावी लागते, वारा सुटला तर तराफा ओढून घ्यावा लागतो आणि उजाडताच मासळी व्यापाऱ्याच्या हवाली करावी लागते. गाव काठापासून लांब असेल तर रोजची ये-जा परवडत नाही. गळ टाकणाऱ्याची गरज याहून लहान असते. बांबूची काठी, गांडूळ किंवा कणकेची गोळी घेऊन बसणाऱ्याला बाभळीखालचा चार तुराट्यांचा आडोसाही पुरतो. मुक्कामाची खोप जाळेवाल्याची असते.

जागा : काळी जमीन पावसात चिखलते आणि उन्हात भेगाळते, म्हणून मुरमाड उंचवटा निवडतात. दार शक्यतो पाण्याकडे ठेवतात, म्हणजे जाळ्यांचे तरंगते बोये आतून दिसतात. भोवती चर खणून पावसाचे पाणी वळवतात. दिवाळीनंतर सिंचनाचे पाणी सुटू लागले की काठ मागे हटतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते आणि खोप तिच्यापुढे, ओल्या कडेच्या जवळ जाते. पुढच्या पावसाळ्यात धरण भरू लागले की तीच खोप उलट वर सरकते.

बांधणी : दोन फाटेदार मेढी, त्यांवर आढे आणि दोन्ही अंगांनी उतरते वासे, हा साधा सांगाडा. मेढीला बाभूळ किंवा लिंब वापरतात. कूड तुराट्यांचा आणि छप्पर उसाच्या पाचटाचे किंवा कडब्याचे असते. बांधायला सुतळी किंवा केकताडाचा दोर घेतात. तूर, ज्वारी आणि ऊस ही जिल्ह्यातलीच पिके असल्याने बहुतेक साहित्य शेतातूनच मिळते. ऊसतोड कामगारांच्या कोपीशी (तात्पुरत्या झोपडीशी) हिचे जवळचे नाते आहे. अलीकडे पाचटावर ताडपत्री किंवा मेणकापड येते; काही ठिकाणी पत्र्याची शेडही दिसते. पत्रा टिकतो, पण तापतो आणि हलवायला जड जातो.

गावातली घरे नेमकी याच्या उलट, जाड दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची (मातीच्या जड, सपाट छपराची). ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात याच जिल्ह्यातील सास्तूर परिसरात व शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीत अशा घरांच्या भिंतींखाली व माळवदांखाली हजारो माणसे दगावली. खोपेचे छप्पर कोसळले तरी त्याचे वजन जीवघेणे नसते. मात्र वादळ आणि आग यांपुढे ती अगदीच दुबळी ठरते.

अंतर्भाग : तीन दगडांची चूल आगीच्या भीतीने बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडतात. आत अंथरूण, पाण्याची घागर, आढ्याला टांगलेली भाकरीची दुरडी आणि दुरुस्तीला काढलेली जाळी. डास घालवायला लिंबाच्या पाल्याचा धूर करतात. थर्माकोलचा तराफा व वल्ही दारातच ठेवतात.

इतिहास व तुलना : गळाने मासेमारी करण्याला या प्रदेशात जुनी राजमान्यता आहे. जिल्ह्यातील उमरग्यापासून जवळच असलेल्या कल्याणीचा (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे चारे आणि गळाचे तंत्र त्यात येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर अभ्यासलेख लिहिला. निवाऱ्यांची तुलना करायची तर, इंग्लंडमध्ये डव्ह नदीकाठी कवी चार्ल्स कॉटनने गळ टाकण्यासाठी १६७४ मध्ये बांधलेले दगडी घर अजून उभे आहे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर, राजा ऑयस्टाइनने बाराव्या शतकाच्या आरंभी मासेमारांसाठी घरे बांधवल्याचे सांगतात. ‘रोर्बू’ नावाची तशी लाकडी घरे तिथे आजही आहेत. या दोन्ही ठिकाणी पाण्याची कड बव्हंशी स्थिर असते, म्हणून घरही कायमचे. धाराशिवात पाणीच एका जागी राहत नाही. तिथे पक्के बांधकाम काही महिन्यांत काठापासून दूर पडते.

सद्यःस्थिती : दुष्काळात हा सारा व्यवहार थांबतो. मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जलाशय कोरडा पडला की मासळी जाते, खोपा मोडतात आणि त्यांतली माणसे मजुरीला लागतात. मोडलेल्या खोपेचे लाकूड पुन्हा वापरात येते, उरलेले जळणात जाते. त्यामुळे ग्रामीण वास्तूंच्या नोंदींसाठी तिचा मागमूस राहत नाही. मोजमापे, गाठी, साहित्य आणि हंगामानुसार बदलणारी जागा यांची नोंद खोप उभी असतानाच, ती बांधणाऱ्यांकडून घ्यायला हवी. मासे उतरवण्याच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, दिवा आणि वीज पडत असताना आसरा देणारी एक पक्की खोली मिळाली, तर हलती खोप वापरणाऱ्यांचे जगणे पुष्कळ सुरक्षित होईल.