सांध्याचं दुखणं

वय झालं की माणसाला सांध्यांचा त्रास सुरू होतो. मलाही झाला. फरक इतकाच, की तो गुडघ्यात नव्हता. वारज्यातल्या आमच्या घरामागच्या अंगणात, जमिनीखाली दोन फुटांवर होता.

१९९७ साली वारजे पुणे महापालिकेत आलं आणि आम्ही बसल्या जागी पुणेकर झालो. पुढे गल्लीत ड्रेनेजची लाइन आली. सेप्टिक टँकला निरोप देऊन आम्हीही तिला आपला पाइप जोडला. थोड्याच दिवसांत शेजारचे नाना कुंपणापाशी आले. "रागावू नका," ते म्हणाले, "पण आमच्या विहिरीचं पाणी तुमच्या घरची हकिकत सांगायला लागलंय."

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ओली माती पाहिली आणि "वाळेल, साहेब" म्हणून सायकलवर टांग टाकली.

मध्यमवर्गीय माणूस अशा वेळी पुस्तक उघडतो. मोहेंजोदडोची मंडळी साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या झाकलेल्या गटारांतून सांडपाणी नेत होती. स्नानकुंड गळू नये म्हणून त्यांनी त्याला डांबराचा थर दिला होता. (१९२२ साली तिथलं उत्खनन सुरू करणाऱ्या राखालदास बॅनर्जींची कचेरी पुण्यात होती. म्हणजे श्रेय शेवटी पुण्याचंच!) १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपला बाक दिला. त्या बाकात पाणी साचून राहतं आणि दुर्गंधीला घरात येऊ देत नाही. बाक आला, पण सांध्यांकडे कोण बघतो?

त्याची किंमत लंडनने १८५४ मध्ये मोजली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका बाईने आजारी तान्हुलीची दुपटी धुतली आणि ते पाणी घरच्या मैलाखड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटांमधला चुना झिजलेला, आणि जेमतेम दोन हातांवर सार्वजनिक पंपाची विहीर. कॉलऱ्याने सहाशेच्या वर माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला गेला. विटा उकरून गळती सापडली ती मात्र पुढच्या वर्षी.

मला नानांची दोन नातवंडं आठवली. पुस्तक तसंच पालथं टाकून कुंपणापाशी गेलो. "नाना, विहीर बंद! आजपासून पाणी आमच्या नळाचं."

व्हिक्टोरिया राणीच्या काळात गळती शोधायला पाइपमध्ये पेपरमिंटचं तेल ओतत आणि वास कुठे येतो ते हुंगत. मी गच्चीवरून तेल ओतलं, सौ.ला खाली नाक उघडं ठेवून उभं केलं आणि उत्साहाच्या भरात स्वतःच खाली धावलो. तिला घरभर पेपरमिंट!

"पाइप नाही, तुम्हीच गळताय," ती म्हणाली.

तेल ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नसतं, हे पुढच्या पानावर होतं.

शेवटी नानांनी दुसरे मिस्त्री आणले. वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी पाइपचं खालचं तोंड बंद केलं, पाइप पाण्याने भरला, खडूने खूण केली आणि म्हणाले, "आता चहा." चहा होईतो पाणी चार बोटं उतरलं होतं. उकरल्यावर ते हसले.

"साहेब, कौलं कशी बसवतात? पाणी वरच्यावरून खालच्यावर जातं. तसं पाइपचं रुंद तोंड चढाच्या बाजूला पाहिजे. हा उलटा बसलाय."

पाइप सुलटा झाला. सांध्यात डांबरात भिजवलेली सुतळी ठोकली, वर सिमेंट भरलं. सिमेंट चांगलं धरल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा खूण. दोन चहा झाले तरी खूण जागची हलली नाही. विहीर उपसली, औषध टाकलं, आणि पाणी तपासून चांगलं ठरल्यावरच नानांच्या घरी घागर भरली गेली.

परवा अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. त्याने चाकांवरचं घर भाड्याने घेतलंय. मुक्कामाला पोचलं की त्याची रबरी नळी तिथल्या गटाराला आपणच जोडायची. मी म्हटलं, "नळी फिरवून घट्ट बसव. आणि संडासाची टाकी उघडायच्या आधी भांडी धुतलेलं पाणी थोडं सोडून सांधे बघ."

"मामा, तुम्ही कधी असल्या गाडीत बसलायत?"

"नाही रे," मी म्हटलं, "पण आमच्या शेजारी विहीर आहे."