दहावीनंतर काय? तयारी नववीपासूनच हवी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतली अनेक मुले हुशारी कमी म्हणून मागे पडत नाहीत. फी आणि कागदपत्रे वेळेवर जमत नाहीत. पुढची वाट दिसेनाशी झाली की अभ्यासातूनही मन उडते.

जातीचा दाखला : नववीतच काढा. अनुसूचित जाती व नवबौद्धांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद मूळ गावाहून आणण्यात महिने जातात.

जात पडताळणी : विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ नको.

शिष्यवृत्ती : पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास ‘महाडीबीटी’वर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा; त्याहून जास्त असल्यास फ्रीशिपची चौकशी करा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे.

आयटीआय : अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे. हातात कौशल्य देणारी ही वाट दुय्यम समजू नका.

कार्यकर्त्यांनो, रविवारी विहारात नववी-दहावीच्या मुलांची यादी करा. प्रत्येकाला काय व्हायचे आहे आणि त्याचा कोणता कागद राहिला आहे, हे नावासमोर लिहा. तो मिळेपर्यंत पाठपुरावा करा.

जयभीम!