घरपट्टी, चाळीस टक्के आणि आत्या

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत घेत वाकडच्या फ्लॅटचा मालमत्ता कर ऑनलाइन भरत होतो. (फ्लॅट अजून बँकेचाच आहे, कर मात्र आपला!) पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या सवलतींची यादी समोर आली. एरवी असल्या याद्या आपण वाचत नाही, पण त्या दिवशी वाचली. त्यात एक ओळ होती : दिव्यांग मालमत्ताधारकाला सामान्य करात ५० टक्के सूट. अट अशी की घर त्याच्या स्वतःच्या नावावर हवं.

पूर्ण बिलात नाही हं, फक्त सामान्य करात. वृक्षकर, अग्निशमन, शिक्षणकर वगैरे ओळी आहेत तशाच राहतात.

मला एकदम आत्या आठवली. आमचं गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. आत्या दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. तेव्हापासून डावा पाय अधू. लग्न झालं नाही. शिवणाच्या मशीनवर तिनं आयुष्य काढलं, आणि आजोबांच्या मागे घर तिनंच सांभाळलं. मी लगेच फोन लावला.

"आत्या, आपल्या ग्रामपंचायतीत अपंगांना घरपट्टीत सूट आहे का गं?"

"आहे की. अर्धी माफ. ठराव झालाय."

"मग तू घेत नाहीस?"

"मला कशी मिळंल? घर माझ्या नावावर कुठंय?"

बस्स, विषय संपला. तिच्यासाठी संपला, माझ्या डोक्यात मात्र सुरू झाला. पुढचे चार-पाच वीकेंड मी यातच घातले. इंजिनीयरच्या नजरेला ही सरळ इफ-एल्सची अट दिसते : टक्के चाळीस किंवा जास्त, आणि घर स्वतःच्या नावावर, तर सूट द्या. पण या अटीचे दोन्ही भाग आले कुठून? दोन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे आणि दोन्ही मजेशीर आहेत. (मजेशीर हा शब्द शेवटी मागे घेईन.)

आधी टक्के.

शरीराचं नुकसान मोजून मोबदला द्यायचा, ही कल्पना काही इंग्रजांनी आणलेली नाही. सभासद बखरीत अफजलखान प्रकरणानंतरची हकीकत आहे. महाराजांनी जखमी माणसांना २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली, ज्याची जशी जखम तशी. म्हणजे जखम बघायची आणि आकडा ठरवायचा. पण तो मान होता, बक्षीस होतं. अर्ज करून मागायची गोष्ट नव्हती.

टक्क्यांचा तक्ता आला कारखान्यांबरोबर. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. उजवा हात कोपरापासून वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. डावखुऱ्या कामगाराचं काय, हा प्रश्न कुणाला पडला नसावा! पण हे टक्के शरीराचे नव्हते, कमाईचे होते. या माणसाची कमावण्याची ताकद किती घटली, एवढंच त्यात बघितलं जायचं. जो मुळात कामगारच नाही, त्याच्यासाठी हा तक्ताच नव्हता. घरात बसून शिवण करणारी बाई त्यात कुठून येणार?

बरं, सरकारला अशी माणसं किती आहेत हे तरी माहीत होतं का? १८८१ ते १९३१ च्या जनगणनांमध्ये व्यंगांचे चार रकाने असायचे : वेडे, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी. पायानं अधू माणसासाठी रकानाच नाही. १९४१ मध्ये तेही बंद झालं. स्वातंत्र्यानंतर एकदम १९८१ साली पुन्हा प्रश्न विचारला गेला, कारण ते संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. योगायोग बघा, त्याच वर्षी १ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन आमचा जालना जिल्हा झाला. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गायब! २००१ पासून तो कायमचा आला, आणि तेव्हा देशात २ कोटी १९ लाख अपंग मोजले गेले.

आणि चाळीस? तो आकडा १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातला. त्या डिसेंबरात दिल्लीत अपंग कार्यकर्त्यांनी जावेद अबिदींच्या पुढाकारानं संसदेवर मोर्चा नेला, आणि काही दिवसांतच विधेयक मंजूर झालं. पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम सुरू झाली तीही त्याच डिसेंबरात. आत्यासाठी एक गोष्ट पंचवीसेक वर्षं उशिरा आली आणि दुसरी अगदी वेळेवर. म्हणजे असं तेव्हा वाटलं असतं.

कायद्यानं सात प्रकार मानले आणि किमान ४० टक्क्यांची रेघ मारली. हे टक्के मोजायचे कसे, याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं १ जून २००१ च्या अधिसूचनेत आली. २०१६ च्या नव्या कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले, पण चाळीसची रेघ तशीच राहिली. ३९ टक्क्यांचा माणूस रेघेच्या अलीकडे, ४० चा पलीकडे. आम्ही प्रोग्रॅममध्ये असा आकडा टाकला तर रिव्ह्यूत कुणीतरी विचारतंच, हाच का?

आत्याच्या प्रमाणपत्रावर ५५ टक्के आहेत. म्हणजे अटीचा पहिला भाग पास.

आता दुसरा भाग : नाव.

महापालिकांचा मूळ कायदा १९४९ चा. त्यात सामान्य करातून प्रार्थनास्थळं आणि धर्मादाय कामाच्या इमारती वगळल्या होत्या. अपंग माणसाच्या घराचा उल्लेख नाही. २०१६ च्या केंद्रीय कायद्यात घरवाटपात आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, पण घरपट्टीबद्दल एक ओळही नाही. म्हणून ही सूट गावोगाव, शहरोशहरी बदलते. कुठं ठरावानं मिळते, कुठं मिळतच नाही. पण जिथं आहे तिथं अट बहुतेक एकच. कर नावावर लागतो, तर सूटही नावावरच.

ग्रामपंचायतीत हे नाव नमुना ८ मध्ये असतं. कर आकारणीची नोंदवही. (हा मालकीचा पक्का पुरावा नव्हे, पण गावात मालक कोण ते यावरूनच ठरतं.) आमच्या घराच्या नमुना ८ वर दोन नावं आहेत. माझे बाबा आणि काका.

आजोबा गेले १९९८ साली, मृत्युपत्र न करता. घर त्यांनी स्वतः बांधलेलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजी, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा सारखा हिस्सा. म्हणजे आत्या तेव्हाच मालक झाली होती! त्याच कायद्यात कलम २३ होतं. घरात कुटुंब राहत असेल तर बाईमाणसाला वाटणी मागता यायची नाही, पुरुष वारस वाटणी करतील तोवर थांबायचं. लग्न न झालेल्या मुलीला राहायचा हक्क होता, बस. २००५ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. पण कायदा बदलला म्हणून नमुना ८ आपोआप बदलत नाही. त्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आत्यानं तिची पत्र्याची पेटी उघडली. घरपट्टीच्या पावत्या, वर्षावर्षाच्या, पिनेनं लावलेल्या. प्रत्येक पावतीवर वर बाबांचं आणि काकांचं नाव. खाली "हस्ते" असं छापलेलं, आणि त्याच्यापुढे आत्याचं नाव, निळ्या शाईत. चोवीस पावत्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. मी विचारलं, "वारसनोंद करताना आत्याचं नाव का नाही लावलं?"

बाबा म्हणाले, "तेव्हा कुणी लावत नव्हतं रे. बहिणी हक्कसोड करून द्यायच्या."

"मी कुठं करून दिलं?" आत्या म्हणाली. चढ्या आवाजात नाही, पेटी आवरता आवरता. "मला कुणी विचारलंच नाही."

बाबा काही बोलले नाहीत. आई उठून चहा ठेवायला गेली.

घरपट्टी वर्षाला आठशे चाळीस रुपये. अर्धी माफ म्हणजे चारशे वीस. पुण्याहून गावाला जायला माझं पेट्रोल याच्या कितीतरी पट लागतं. मी आत्याला म्हणालो, तुझी घरपट्टी मीच भरत जातो ना. ती हसली. म्हणाली, "पैसे आहेत रे माझ्याकडं. सूट राहू दे. नाव लावता येतं का बघ."

आणि इथं मला माझी चूक कळली. इतके वीकेंड मी सरकारचा इतिहास शोधत होतो. रकाने कुणी गाळले, रेघ कुणी मारली, कायद्यात ओळ का नाही... सरकारनं उशिरा का होईना, आत्याला मोजलं होतं. तिचं नाव गाळलं होतं ते आम्ही, घरच्यांनी. आणि मी त्या घराचा नातू, तिच्या शिवणकामाच्या पैशातून माझ्या पहिल्या सेमिस्टरची फी गेलेली. मला एप्रिलपर्यंत हा प्रश्नही पडला नव्हता.

म्हणून मजेशीर हा शब्द मागे घेतो.

असो. जूनमध्ये बाबांनी काकांना फोन केला. अर्धा तास बोलले, दार लावून. आजीही आता नाही, म्हणजे हिस्से तिघांचे. पुढच्या आठवड्यात वारसनोंदीचा अर्ज दिला, तिघांच्या सह्या आहेत. कागद अजून फिरतोय, एक दाखला कमी निघाला म्हणून एकदा परतही आला. सूट मिळेल की नाही, तिघांच्या घरात एकटीला किती मिळेल, ते पुढचं पुढे बघू.

तुमच्या गावाकडच्या घराचा नमुना ८ शेवटचा कधी बघितलाय? या वीकेंडला बघा. आणि पावती सापडली तर खाली "हस्ते" कुणाचं नाव आहे, तेही बघा.