डॉ. कोटणीसांची चित्रकथा आणि सोलापूरचे घर

सोलापुरातील सात रस्ता या चौकापासून भैय्या चौक फार दूर नाही. तेथील कोटणीसांच्या राहत्या घराचे आज स्मारक झाले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु तो परिचय बहुधा व्ही. शांतारामांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटावरून झालेला असतो. अशा चित्रपटाचा इतिहासाचे साधन म्हणून कितपत उपयोग करावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम चरित्रातील निर्विवाद भाग पाहू. १९३८ साली राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी व कोटणीस असे पाच डॉक्टर होते. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना चीनमध्येच कळली. तरीही ते परतले नाहीत. पुढे ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिकांच्या शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत आणि चीन. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ९ डिसेंबर रोजी, अपस्माराच्या विकाराने डॉक्टरांचा अंत झाला. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर चित्रपट आधारलेला आहे, त्याचे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे नावच ही उणीव बोलून दाखविते.

चित्रपटाने या वृत्तात दोन ठळक फेरफार केले. पहिला मृत्यूविषयीचा. पडद्यावरील डॉक्टर साथीच्या रोगावर उपाय शोधतो व अखेर त्याच रोगाला बळी पडतो. हा फेरफार मला निकृष्ट वाटतो. युद्धक्षेत्रात अहोरात्र शस्त्रक्रिया करीत असताना जडलेला विकार पुरेसा करुण होता; त्याला शास्त्रीय पराक्रमाची जोड देण्याचे प्रयोजन नव्हते. (जयश्रीबाईंचे चिनी वळणाचे हिंदीही आज कानाला कृत्रिम वाटते, पण तो दोष त्या काळाचा होय.)

दुसरा फेरफार मात्र अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. मृत्युशय्येवरील डॉक्टर पत्नीला आपल्या घरची वाट वर्णन करून सांगतो, आणि ती मुलाला घेऊन सोलापूरच्या उंबरठ्यावर येते. १९४६ पर्यंत असे काही घडलेले नव्हते. मग प्रेक्षकांना हे दृश्य का हवे होते? माझ्या मते त्याचे उत्तर कथेच्या प्रारंभी आहे. पुत्र आईवडिलांना सोडून परदेशी जातो, पित्याच्या मृत्यूनंतरही येत नाही, आणि तेथेच परक्या देशातील स्त्रीशी विवाह करतो. त्या काळच्या ब्राह्मणी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक गोष्ट क्षमेची अपेक्षा करणारी होती. ती क्षमा मागण्यास पुत्र उरला नाही, म्हणून चित्रपटाने सुनेला आणि नातवाला दारात उभे केले. आईने त्यांना घरात घेणे हीच त्याला मिळालेली क्षमा. देशकार्यासाठी घर सोडून गेलेल्या व न परतलेल्या मुलांची घरे त्या काळी केवळ सोलापुरातच होती असे नाही. म्हणून हे दृश्य कोटणीसांच्या चरित्राचा पुरावा नसले, तरी १९४६ च्या प्रेक्षकमनाचा पुरावा निश्चित आहे. शासकीय कागदपत्रांत तो सापडणे कठीण.

पुढे प्रत्यक्ष इतिहास या कल्पनेच्या जवळून गेला. ग्वो छिंगलान १९५८ मध्ये प्रथम भारतात आल्या. चारच वर्षांनी दोन्ही देशांत युद्ध झाले. ज्याच्या नावातच दोन्ही देश एकत्र आणले होते, तो यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली, ऐन चोविशीत वारला. त्यामुळे शेवटच्या दृश्यातील ते तान्हे मूल आज पाहताना १९४६ च्या प्रेक्षकाला जे समाधान लाभले असेल, ते आपल्याला लाभत नाही. चीनमध्येही १९८२ साली कोटणीसांवर चित्रपट निघाला. तो आणि शांतारामांचा चित्रपट शेजारी ठेवून, दोहोंत सोलापूरच्या घराला किती स्थान मिळाले आहे, हे एखाद्या विद्यार्थ्याने तपासून पाहावे. ग्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणीही लिहून ठेवल्या आहेत; त्या तुलनेला तिसरा आधार त्यांचाच मिळेल.