आदर्शराज्य आणि दुःस्वप्नराज्य (मराठी वाङ्मयातील)

निर्दोष समाज कल्पून लिहिलेली कथा ती आदर्शराज्याची, म्हणजे युटोपियाची. समाजातला एखादा दोष टोकापर्यंत ताणून लिहिलेली ती दुःस्वप्नराज्याची, म्हणजे डिस्टोपियाची. पहिलीला नाव मिळाले टॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’वरून (१५१६). दुसरीचे ठळक नमुने हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) आणि ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९). हक्सले यांच्या राज्यात जवळजवळ सगळेच सुखी आहेत. तेव्हा दोहोंमधली रेघ वाटते तितकी पक्की नाही.

मराठीत आदर्शराज्य आधी भूतकाळात होते. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य मागण्याची शेतकरी घरांतली रीत जुनी आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या बळीला इतिहासपुरुष केले. खंडोबा, जोतिबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी, आणि वामन बाहेरून येऊन ते राज्य मोडणारा. ‘गुलामगिरी’ हा संवाद आहे, कादंबरी नव्हे. पण मोर यांच्या पुस्तकाचा पहिला भागही संवादच आहे.

भविष्याकडे तोंड केलेले आदर्शराज्य काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांच्या ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीत येते. या नोंदीतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी वाचली गेलेली कृती बहुधा हीच. मतिमंद संस्थानिकाशी लग्न लावून दिलेली तरुणी कारभार हाती घेते आणि संस्थानात बायकांना शिक्षण व अधिकार मिळू लागतात. रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये (१९०५) पुरुष पडद्यात राहतात आणि बायका सूर्याच्या उष्णतेने शत्रूला पिटाळतात, पण ते सारे स्वप्नात. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘हरलँड’मध्ये (१९१५) पुरुषच नाहीत. काशीबाईंना ना स्वप्न लागत, ना अज्ञात प्रदेश. एक देशी संस्थान पुरते. नवऱ्याचा अडसर मात्र त्यांनाही आधी दूर करावा लागला. धडधाकट, कर्तबगार राजा शेजारी बसलेला असताना हे राज्य कसे चालले असते, हे तिघींपैकी कोणी लिहिले नाही.

दुःस्वप्नराज्य मराठीत उशिरा आले, तेही बरेचसे विज्ञानकथेतून. जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’मध्ये एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान जमिनीखाली सापडते आणि त्यातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. फुल्यांचा वामन परका होता. हा माणसांनी हौसेने घडवलेला. संकट वेळीच आवरते. ऑर्वेल यांनी आपल्या नायकाला ही सवलत दिली नव्हती.

मुळशी तालुक्यात या दोन्ही कल्पना कागदाबाहेर आल्या. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी बांधायला घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्याचे नेते. धरण झाले, गावे बुडाली. पुढे याच तालुक्यात दासव्याला लवासा हे आखीव शहर उभे राहू लागले; २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवायला लावले.